हेमवतीनं राजकन्येला काय शिकवलं

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे पालखीत बसून राजे होत नसत. स्वतःच्या पायांनी गड चढावा लागे. डोंगरांनी वेढलेल्या अशाच एका राज्यात हेमवती नावाची योगिनी राहत होती. मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट तिची आहे.

हेमवती एका कोष्ट्याची मुलगी. लहानपणी मागाखालच्या एवढ्याशा जागेत शिरून ती तुटलेला धागा काढून आणायची, इतकं तिचं अंग लवचिक. ते पाहून नदीकाठच्या मठातल्या गुरूंनी तिला शिष्या करून घेतलं. तिथं सोमदत्त नावाचा तिच्याच वयाचा शिष्य होता. दोघांची कायम चढाओढ. त्यानं मयूरासन घातलं की हिनं वृश्चिकासन घालायचं. हिनं श्वास रोखून धरला की त्यानं तोंड लाल होईपर्यंत रोखायचा.

म्हातारे गुरू कधीमधी म्हणत, "पोरांनो, तुम्ही योग करताय की कुस्ती?"

दोघंही ते हसण्यावारी न्यायची.

पुढे गुरू वारले. राजानं भर दरबारात दोघांची परीक्षा घेतली आणि राजयोगिनीचा मान हेमवतीला मिळाला. राजवाड्यात तिची शाळा सुरू झाली. सरदार, त्यांच्या बायका, लेकीसुना, सगळे शिकायला येऊ लागले.

हेमवतीची शिकवण कडक होती. कुणी पुढे वाकलं की ती पाठीवर हात दाबायची आणि म्हणायची, "अजून." कुणी दुखतंय म्हटलं तर म्हणायची, "दुखत नाही, आळस बोलतोय." एक वयस्कर कारकुनीण मोठ्या हौसेनं यायची. एके दिवशी हेमवतीनं तिचा गुडघा जोरानं खाली दाबला. बाईनं आपली चटई गुंडाळली. लंगडत घरी गेली आणि पुन्हा आली नाही. हेमवतीनं तिची चौकशीही केली नाही.

खरं तर हेमवतीची स्वतःचीच कंबर कित्येक महिने ठणकत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती उभ्याउभ्या दोन घास खायची, झोपेला वेळ द्यायची नाही, आणि जागेपणी एकच विचार करायची, की आपण जरा मागं सरलो तर आपली जागा घ्यायला सोमदत्त टपून बसला आहे.

वसंतोत्सव आला. राजा, दरबारी आणि सारं नगर मैदानात जमलं. हेमवती एका पायावर उभी राहिली. दुसरा पाय मागून उचलून तिनं दोन्ही हातांनी धरला आणि डोकं मागं नेऊन टाचेला टेकवलं. लोक वाहवा करू लागले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण गर्दीत तिला सोमदत्त दिसला. तिनं आणखी ताण दिला. कमरेत काहीतरी कडकन् वाजलं आणि ती सगळ्यांसमोर कोसळली.

राजवैद्यांनी तिला तपासलं. "काठी टेकून चालाल," ते म्हणाले, "पण आसनं आता विसरा."

राजा वाईट नव्हता. त्यानं तिला घरी पोचवायला बैलगाडी दिली, मऊ गादी दिली. पण राजवाड्यात कुठलीही जागा फार काळ रिकामी राहत नाही. गाडी वेशीबाहेर पडते न पडते, तोच सोमदत्ताला बोलावणं गेलं.

हेमवती डोंगरपायथ्याच्या गावी आपल्या मावशीकडे आली. मावशी एकटीच राहायची. तिच्याकडे शेळ्या होत्या आणि बोलायला भरपूर होतं. तिनं पडवीत बाज टाकली आणि भाचीला तिच्यावर निजवलं. हेमवती दिवसभर छताकडे बघत दात आवळून पडून राही.

"कुणावर चिडलीयस एवढी?" मावशीनं विचारलं.

"सोमदत्तावर."

"तो आहे का इथं?"

"नाही."

"मग त्याचा राग माझ्या घरात कशाला ठेवून घेतलास? त्याला रोज कोण जेवायला घालणार?"

हेमवतीला हसू आलं. हसताना कंबर दुखेल म्हणून ती घाबरली, पण दुखली नाही. उलट क्षणभर सैल पडल्यासारखी वाटली. तेव्हा तिनं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

थोडं बरं वाटताच एका सकाळी, मावशी शेळ्या घेऊन गेल्यावर, हेमवती जिद्दीनं उठली. भिंतीला धरून तिनं जुनं आसन घालायचा प्रयत्न केला आणि पुन्हा पडली. मावशी परतली तेव्हा ती जमिनीवर तशीच पडून होती. मावशीनं तिला उचलून बाजेवर ठेवलं, गरम पेज पाजली आणि एका शब्दानंही बोलली नाही. बोलघेवड्या मावशीचं ते गप्प राहणं हेमवतीला फार लागलं.

त्या दिवसापासून तिनं जोर करायचं सोडून दिलं. आता करण्यासारखं एकच उरलं होतं, श्वास घेणं. म्हणून ती श्वासाकडे बघू लागली. आणि तिला नवल वाटलं. वर्षानुवर्षं तिनं श्वास कोंडला होता, मोजला होता, लोकांना दाखवला होता. पण त्याला त्याच्या मनासारखं कधी येऊ-जाऊ दिलं नव्हतं. तो बरगड्यांपाशी येऊन थबकायचा, एखाद्या परक्या घराच्या दारात उभा राहिल्यासारखा.

हळूहळू तिच्या आणखी गोष्टी ध्यानात आल्या. ज्या दिवशी ती कुढत बसे, त्या दिवशी पाठ लाकडासारखी होई. ज्या दिवशी शेजारणी येऊन गप्पा मारत, पोटभर जेवण होई आणि गाढ झोप लागे, त्याच्या दुसऱ्या दिवशी तीच पाठ मऊ पडे. कंबर एकटी दुखत नव्हती. तिच्यासोबत तिची उपाशी दुपार दुखत होती, तिची भीती दुखत होती.

हे तिला कळलं तेव्हा तिला आनंद झाला नाही. तिला ती कारकुनीण आठवली. आपण जन्मभर शरीरं वाकवली, पण त्या शरीरांत राहणाऱ्या माणसांची कधी विचारपूस केली नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि ती मान वळवून रडली.

मग हेमवतीनं अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. उताणं पडून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि सोडायचे, एवढंच. कोवळ्या उन्हात बसायचं. वेळेवर जेवायचं. मावशी जात्यावर बसली की तिच्याबरोबर ओव्या म्हणायच्या, कारण ओवी म्हणताना श्वास आपोआप लांब होतो. दुखलं तर थांबायचं आणि शरीराला विचारायचं, की बाबा, काय झालं. ऋतू आले आणि गेले. एक दिवस ती काठीशिवाय विहिरीपर्यंत चालत गेली. डोकं टाचेला टेकवणं तिला पुन्हा कधीच जमलं नाही. पण तिचा चेहरा असा काही उजळला होता, की पाणी भरणाऱ्या बायका कळशा खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या.

गावातले लोक तिच्याकडे येऊ लागले. हेमवती आता कुणाची पाठ दाबत नसे. ती समोर बसायची आणि विचारायची, "झोप लागते का? जेवताना कोण असतं सोबत? शेवटचं कधी हसलात? कुणाशी अबोला आहे का?"

एक धनगर आला. त्याची मान डावीकडे वळतच नव्हती. बोलता बोलता कळलं, की त्याच्या घराच्या डाव्या अंगाला त्याच्या भावाचं घर होतं, आणि दोघांचं भांडण झाल्यापासून तो घराबाहेर पडताना तोंड उजवीकडे फिरवून चालायचा. हेमवतीनं त्याला मानेच्या हालचाली शिकवल्या, खांदे सैल सोडायला शिकवलं आणि वर सांगितलं, "रोज सकाळी एकदा डावीकडे बघायचं."

"भाऊ दिसला तर?"

"दिसला तर दिसला. मानेला सांगा, भाऊच आहे."

धनगर कुरकुरत गेला. काही दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याची मान दोन्हीकडे वळत होती आणि बरोबर त्याचा भाऊ होता. भावाचे गुडघे दुखत होते.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग राजा वारला.

त्याला एकच मुलगी होती, विशीतली. त्या राज्याचा रिवाज असा, की जो गादीवर बसणार त्यानं कुणाचाही हात न धरता गड चढायचा आणि सूर्य मावळायच्या आत वरच्या बुरुजावर निशाण लावायचं. जमलं नाही तर गादी दुसऱ्या वारसाकडे जायची. दुसरा वारस होता राजकन्येचा काका. त्यानं आधीच बोलून दाखवलं होतं, की आपण राजा झालो की डोंगरावरची सगळी कुरणं आपल्या घोड्यांसाठी राखून ठेवणार. गावोगावच्या गाईगुरांनी आणि शेळ्यामेंढ्यांनी मग जायचं कुठं?

राजकन्या धीट होती, धडधाकट होती. पण वडील गेल्यापासून तिला गड चढवेना. मधल्या दरवाजापाशी आली की छाती आवळून येई, श्वास अडके आणि डोळ्यांपुढे अंधारी येई. सोमदत्तानं तिच्याकडून दुप्पट आसनं करून घेतली. मग ती दरवाजाच्याही खालीच थांबू लागली.

तेव्हा वृद्ध प्रधान स्वतः हेमवतीच्या गावी आले. हेमवतीचा जीव घाबरा झाला. ज्या नगरात आपण सगळ्यांसमोर पडलो, तिथं कुठल्या तोंडानं जायचं?

मावशी म्हणाली, "जायचं तर जा, नाही तर नको जाऊस. पण आधी भाकरी खा. उपाशीपोटी घेतलेला निर्णय माझ्या घरात चालायचा नाही."

हेमवती जेवली. जेवल्यावर तिला कुरणं आठवली, धनगर आठवला, आणि ती गाडीत बसली.

राजवाड्यात राजकन्या तिची वाटच पाहत होती. "बाई, सांगा, कोणतं आसन करू?"

"आधी आपण जेवू," हेमवती म्हणाली.

जेवायला बसल्यावर तिनं पाहिलं. राजकन्येचं ताट बंद खोलीत येई, तोपर्यंत गार होऊन जाई आणि ती एकटी चिवडत बसे. झोप तिला अशी नव्हतीच. दिवस अंधाऱ्या दालनात मसलती ऐकण्यात जाई. आणि वडील गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती.

"काका म्हणाले, राजघराण्यातली माणसं रडत नाहीत," राजकन्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ताट अंगणात आंब्याखाली येऊ लागलं. दासी, माळी, घोड्यांचे मोतद्दार सगळे तिथंच जेवत. जेवण झालं की राजकन्येनं घोड्यांना खरारा करायचा. संध्याकाळी उताणं निजून पोटावर घडी केलेलं वस्त्र ठेवायचं आणि ते श्वासाबरोबर कसं वर-खाली होतं ते बघायचं.

काकानं ते ऐकलं आणि दरबारात सांगितलं, "योगिनीबाई राजकन्येला आंबे चोखायला शिकवताहेत." दरबार हसला. मग काका हेमवतीकडे वळून म्हणाला, "ही गड चढताना अडली, तर तू या राज्यात थांबायचं नाहीस. गावही सोडायचं."

"बरं," हेमवती म्हणाली.

पण राजकन्येचाही धीर सुटला. "मला गड चढायचा आहे, बाई. हा खेळ कशाला?"

हेमवतीनं तिला सगळं सांगितलं. वसंतोत्सवात आपण का पडलो, कुणाला दाखवायला पडलो, आणि पडवीतल्या बाजेवर काय शिकलो. "राजकन्ये, आपले पाय भक्कम आहेत. गड चढणं पायांमुळे अडलेलं नाही. छातीत काहीतरी भरून ठेवलंय, त्याच्यावरून श्वास जायला वाट नाही."

मग तिनं एक गोधडी गुंडाळून राजकन्येच्या पाठीखाली ठेवली. खांदे दोन्हीकडे सैल पडले, छाती उघडी झाली. "काही करायचं नाही," हेमवती म्हणाली. "नुसतं पडून राहा."

थोडा वेळ गेला. राजकन्येची हनुवटी थरथरू लागली, आणि मग तिला असं रडू फुटलं की अंगणातली पाखरं उडाली. ती आबा, आबा म्हणत रडत होती. हेमवती तिच्या उशाशी बसून राहिली. तिनं तिला उगी केलं नाही. मसलतीला जमलेले दरबारी दाराशी आले तेव्हा ती उठली आणि दारात उभी राहिली.

"आज दरबार थांबेल," ती म्हणाली. "राजकन्या आपल्या वडिलांजवळ आहेत."

प्रधानांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना परत नेलं.

त्या दिवशी राजकन्या संध्याकाळीच झोपली ती सकाळी उन्हं वर आल्यावर उठली.

त्यानंतर खरी मेहनत सुरू झाली. हेमवती लाड करणारी नव्हती. आसनं होती, घाम होता, चढण होती. पण श्वास तुटायच्या आत परत फिरायचं, हा तिचा नियम. उद्या थोडं पुढं. मधला दरवाजा मात्र दोघींनी मुद्दाम निशाण लावायच्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

तो दिवस उजाडला. गडाच्या वाटेवर दुतर्फा माणसं उभी होती. धनगर आले होते, कोष्टी आले होते, दूरच्या गावांहून बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. राजकन्येनं निशाण खांद्यावर घेतलं आणि चढायला लागली. मागोमाग रिवाजाप्रमाणे काका चालत होता. त्याचे डोळे तिच्या पावलांवर होते.

पहिली चढण झाली. दुसरी झाली. मधला दरवाजा आला आणि राजकन्येचा श्वास अडकला. तिचा चेहरा पांढरा पडला. ती तशीच पुढं रेटेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं तसं केलं नाही. निशाण मांडीवर ठेवून ती दरवाजातल्या दगडावर सरळ बसली.

"बसली," काका मोठ्यानं म्हणाला. "संपलं."

"रिवाजात हात धरायला मनाई आहे," प्रधान म्हणाले. "बसायला नाही."

हेमवती पलीकडे लोकांतच उभी होती. तिनं फक्त आपला हात आपल्या पोटावर ठेवला. राजकन्येनं ते पाहिलं आणि आपलाही हात पोटावर ठेवला. श्वास ओढायचा नाही, आधी सोडायचा. तिनं सोडला. दरवाजाच्या पलीकडे वडिलांचा बुरूज दिसत होता. तिचे डोळे भरून आले. तिनं ते सगळ्यांसमोर वाहू दिले.

जवळच एक म्हातारी शेळीचं करडू कवटाळून उभी होती. राजकन्या तिला म्हणाली, "आजी, याला कशाला चढवलंत एवढं?"

म्हातारी म्हणाली, "कुरण कुणाचं राहतंय ते त्यालाही कळू दे की, बाई."

राजकन्या हसली. मग जवळचे हसले, मग त्यांच्या मागचे, आणि ते हसू वाटेनं खालपर्यंत गेलं. राजकन्येच्या छातीत वारा शिरावा तसा श्वास शिरला, थेट पोटापर्यंत. ती उठली. निशाण खांद्यावर घेतलं आणि मधल्या दरवाजातून पलीकडे गेली.

पुढची चढण ती अशी चढली, जशी माहेरची वाट. ना घाई, ना धाप. सूर्य अजून चांगला वर होता तेव्हा बुरुजावर निशाण फडकलं. शिंगं वाजली, ढोल वाजले. डोंगरापल्याडच्या गावांना तो आवाज ऐकू गेला आणि तिथंही ढोल वाजू लागले. म्हातारीनं करडू डोक्यावर धरून नाच केला. हेमवती आपली पाठ सरळ ठेवून उभी होती आणि तिला वाटलं, ही पाठ आज जितकी सुंदर आहे तितकी वसंतोत्सवातही नव्हती.

काका मात्र मधल्या दरवाजापुढे जाऊ शकला नव्हता. तो घामाघूम होऊन तिथंच धापा टाकत बसला होता. त्याच्याकडे बघायलाही कुणी थांबेना. हेमवती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"झोप लागते का रात्री?" तिनं विचारलं.

काकानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "भाऊ गेल्यापासून नाही."

नव्या राणीनं पहिल्याच दरबारात कुरणं सगळ्यांची म्हणून जाहीर केली. मग ती हेमवतीला म्हणाली, "राजयोगिनीचा मान परत घ्या."

"मान सोमदत्ताकडेच राहू द्या," हेमवती म्हणाली. "मला नदीकाठी जागा द्या. तिथं कुणालाही येता आलं पाहिजे."

शाळा उभी राहिली. सगळ्यांत आधी हेमवती त्या कारकुनिणीच्या घरी गेली. बाई आता फार म्हातारी झाली होती. हेमवतीनं तिचे पाय धरले आणि तिला स्वतः हात देऊन शाळेत आणलं. काही दिवसांनी सोमदत्तही आला. त्याचा खांदा कित्येक वर्षं दुखत होता आणि हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे दोघं मिळून शिकवू लागले. राणी रोज सकाळी यायची आणि कुंभार, धनगर, कोष्टी यांच्या रांगेत चटई टाकून बसायची.

शाळेची कीर्ती दूरवर गेली. परराज्यातले काही पंडित मोठमोठी आसनं बघायला म्हणून आले. त्यांनी पाहिलं, तर हेमवती एका आजोबांसमोर बसून त्यांच्या सुनेबद्दलचं गाऱ्हाणं ऐकत होती. मधूनच ती त्यांचा खांदा हलकेच सैल करायची. आजोबांचा श्वास संथ होत होता.

बराच वेळ वाट पाहून एका पंडितानं विचारलं, "बाई, इथं योग कधी सुरू होतो?"

"केव्हाच सुरू झालाय," हेमवती म्हणाली. "बसा तुम्हीही. जेवलात का?"

तात्पर्य : शरीराबरोबर श्वासाची, मनाची आणि रोजच्या जगण्याचीही जो काळजी घेतो, त्याचाच योग पुरा होतो.